न खाल्लेली कोंबडी

१

"सारिका, या मुलीला कुणीतरी गुपचूप औषध देतंय."

डॉ. सत्यजीतने रिपोर्ट माझ्यासमोर टेबलावर आपटला. आम्ही दोघं एकाच कॉलेजचे. तो दौंडमध्ये स्वतःचं हॉस्पिटल चालवतो आणि मी जिल्ह्याची साथरोगांवर नजर ठेवणारी डॉक्टर. साथ आली की मला गावोगाव पिटाळतात आणि साथ नसली की मीटिंगला बसवून ठेवतात. त्या दिवशी मी अशीच एक मीटिंग बुडवून आले होते.

पेशंटचं नाव राजनंदिनी. खुटबावची सून, सातवा महिना. लघवीतला जंतुसंसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत चढलेला. गेल्या महिन्यात बरी होऊन घरी गेली आणि पुन्हा तापाने फणफणत परत आली. जंतू तेच. फक्त आता ते कोलिस्टिनलाही जुमानत नव्हते.

कोलिस्टिन म्हणजे आमचं ठेवणीतलं औषध. बाकी सगळी औषधं हरली की अतिदक्षता विभागात नाइलाजाने काढायचं. या मुलीला ते आयुष्यात कधी दिलेलं नव्हतं.

"जंतूला असं औषध पचवायची सवय उगाच लागत नाही," सत्यजीत म्हणाला. "रोज गाठ पडावी लागते. हिच्या पोटात ते कुठूनतरी रोज जातंय."

"आता काय देतोयस?"

"एकच उरलंय, ते चालू केलंय. पण देणाऱ्याचा हात थांबला नाही, तर हेही हातचं जाईल. मग माझ्याकडे काही नाही. ना हिला द्यायला, ना पोटातल्याला."

राजनंदिनी खाटेवर उशीला टेकून बसली होती. डोळे खोल गेलेले, पण पाहुणचार काही सुटलेला नव्हता.

"मॅडम, पाणी घ्या. घरचं हाय. इथलं मला बाधतंय." तिने खाटेखालच्या पांढऱ्या कॅनमधून पेला भरला. मी उन्हातून आलेली. गार, गोड पाणी होतं, दोन पेले प्याले.

मग मी माझं प्रश्नांचं चऱ्हाट सुरू केलं. गावात कुणाकडून सुया घेतल्या का? नाही. गोळ्या? सरकारी लोहाच्या तेवढ्या. सासऱ्यांची पोल्ट्री आहे ना, मग कोंबडी खाण्यात असेलच?

"मी?" ती एवढ्या तापातही हसली. "माझ्या माहेरी तुळशीची माळ हाय मॅडम. कोंबडी सोडा, अंडं बी कधी तोंडाला लावलं न्हाई. आन् शेडकडं तर मामंजींनी जायचीच बंदी केलीया. वासानं मळमळतंय म्हणून."

निघताना तिने माझा हात धरला. "पहिलं लेकरू हातभर बी नव्हतं. दोन दिवसांत गेलं. ह्ये तरी ऱ्हाईल ना?"

"राहील," मी म्हणाले.

डॉक्टरने असं बोलू नये. पण बोलून बसले होते आणि आता ते खरं करून दाखवणं भाग होतं. तिला औषध चारणारा माणूस तिच्या जवळचाच होता, एवढं मला कळत होतं. परका माणूस रोज कसा चारेल?

२

खुटबावला हौसरावांचं घर उसाच्या फडाला लागून आहे. मागे कोंबड्यांचं लांबलचक शेड. एक कंपनी पिल्लं आणि खाद्य देते, हौसराव ती वाढवून परत करतात. या भागात दर दोन शेतांआड असं एक शेड दिसेल.

सासू साळूबाईंनी चहा टाकला. त्या माझ्याकडे संशयाने बघत होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्याकडे तशीच बघत होते. सून पोटुशी असली की काढे, चूर्णं, जडीबुटी यांना ऊत येतो हे मला ठाऊक आहे.

"काय काय देता सुनेला खायला?"

"आमी खातो त्येच. भाकरी, कालवण, वाटीभर तूप. एकाच चुलीवरचं." मग फणकाऱ्याने, "म्याडम, मी काय सुनंला इख घालंन व्हय? माझी पयली नात मी ह्या हातांनी मातीत दिलीया."

मी कप तोंडाला लावला. चहा किंचित खारट लागला, तरी संपवला.

नवरा विश्वजीत रांजणगावच्या कारखान्यात शिफ्टला. नुकताच कंपनीच्या बसने उतरून आलेला, अंगात अजून निळा शर्ट. "मॅडम, मेडिकलमधनं मी तिला डोकेदुखीची गोळीसुद्धा आणून देत नाही," तो म्हणाला. "गेल्या वेळेपासून धास्तीच घेतलीय."

शेवटी हौसराव मला शेडकडे घेऊन गेले. साठीचे, सडपातळ, मृदू बोलणारे. दाराशी त्यांनी मला गमबूट घालायला लावले, हातावर साबण दिला.

"कंपनीचा सुपरवायझर लई कडक हाय. रोग आत यायला नको, भायेर बी जायला नको. पाणी बी बघा, फिल्टरचं. आमच्या पाण्यानं ह्या नळ्या चोंदत्यात. पिल्लांची बडदास्त जावयावाणी ठिवावी लागती."

छताखाली एक टाकी होती. तिच्यातून निघालेल्या नळ्यांना हजारो पिल्लं चोच लावत होती. टाकीजवळच्या फळीवर निळे कॅन होते, त्यांच्यावर तुरा ताठ केलेल्या गुबगुबीत कोंबड्याचं चित्र.

"हे काय?"

"टॉनिक. वाढीचं. सकाळच्या पान्यात टाकायचं. रविराज देतो, चौफुल्याच्या रस्त्यावर दुकान हाय त्याचं."

कॅनवर कारखान्याचा पत्ता नव्हता, आत काय आहे तेही लिहिलेलं नव्हतं. मी मोबाइलवर फोटो काढला. कोंबड्यांचे, फळीवरच्या धुळीचे आणि घरातल्या तिघांचेही नमुने घेतले. एक कॅन मागणार तेवढ्यात सत्यजीतचा फोन आला. राजनंदिनीला हुडहुडी भरली होती. मी धावतच गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी कॅन न्यायला परत गेले, तर फळी रिकामी होती.

३

"रविराज आलता टेम्पो घिऊन," साळूबाई म्हणाल्या. "म्हणला, कंपनीनं माल परत मागवलाय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पण चोर सापडला म्हणजे गुन्हा उलगडला असं नाही. कोंबड्यांचं औषध राजनंदिनीपर्यंत पोचवायला मध्ये कुणीतरी हवंच होतं, आणि मला आठवला गावातला माऊली.

माऊलीच्या दारावर पाटी नाही, पण अख्खं गाव त्याला डॉक्टर म्हणतं. पूर्वी पुण्यात एका दवाखान्यात कंपाउंडर होता. मला बघताच त्याचा चेहरा पडला.

"मॅडम, देवाशपथ, गरोदर बाईला मी हात लावत न्हाई. मागं एकदा सूज हाय म्हणून सलाईन लावली, तवा तिच्या भावांनी मला येशीपतुर पळवलावता. तवापासनं पोटुशी बाई दिसली की मी सरळ दौंडची वाट दावतो."

"आणि बाकीच्यांना?"

त्याने सुयांचा डबा हळूच मागे सरकवला. त्याचा हिशेब नंतर करायचा ठरवून मी उठले. राजनंदिनीला त्यानेच पहिल्यांदा दौंडला धाडलं होतं, हे विश्वजीतनेही सांगितलं. दोषी माणूस स्वतःच पेशंटला तपासणीला पाठवत नाही.

दोन-तीन दिवसांनी प्रयोगशाळेचे निकाल आले आणि मी चक्रावले.

कोंबड्यांच्या पोटात तेच जंतू खच्चून भरलेले, आणि फळीवरच्या धुळीत कोलिस्टिन. देशात कोंबड्यांना हे औषध द्यायला केव्हाच बंदी घातलेली आहे. म्हणजे टॉनिकचं बिंग फुटलं.

पण घरातले तिघं स्वच्छ! रोज शेडमध्ये राबणारे हौसराव स्वच्छ. घरची कोंबडी चवीने रांधणाऱ्या साळूबाई स्वच्छ. ती चापून खाणारा विश्वजीत स्वच्छ. आणि जिने जन्मात कोंबडी खाल्ली नाही, शेडची पायरी चढली नाही, तीच तेवढी कोंबड्यांच्या जंतूंनी मरणाच्या दारात पडलेली.

सत्यजीतचा आवाज फोनवर थकलेला होता. "ताप आज पुन्हा चढलाय. जे काय शोधायचं ते लवकर शोध."

४

रविराजचं दुकान ऐसपैस होतं. भिंतीवर औषधांच्या पेट्या, गल्ल्यामागे हार घातलेल्या तसबिरी, आणि स्वतः रविराज गोड बोलण्यात पटाईत. निळा कॅन मात्र एकही दिसत नव्हता.

मी मोबाइलवरचा फोटो त्याच्या नाकासमोर धरला.

"हां, टॉनिक हाय ते. सगळेच वापरत्यात मॅडम."

"टॉनिक होतं, तर पळवलं कशाला?"

"पळवलं न्हाई, बदली माल द्यायचाय."

"फळीवरच्या धुळीत कोलिस्टिन सापडलंय. तुझा टेम्पो दारात बघणारे साक्षीदार आहेत. अन्न-औषधवाल्यांना मी इथं यायच्या आधीच कळवलंय. आता मला खरं सांगितलंस तर तुझा थोडा तरी फायदा होईल. नाही सांगितलंस तरी मी खरं शोधणारच आहे."

त्याने कपाळ पुसलं. मग हळूच कबुली आली. माल परराज्यातून बिनपत्त्याचा येतो. त्यात एक नाही, दोन-तीन औषधं असतात. पिल्लं मरत नाहीत, झपाट्याने वजन धरतात, म्हणून मागणी तुफान.

"पर मॅडम, माणसाला मी ते कशापायी दिऊ? हौसरावांच्या सुनंला तर मी बघितलं बी न्हाई. आन् त्यात वाईट काय न्हाई वो! गिऱ्हाईकाला शंका आली तर मी त्याच्यासमोर टोपणभर पिऊन दावतो. माणसाला बी चालतंय म्हणतो. मला काय झालंय का आजवर?"

त्याचं ते गुटगुटीत तोंड बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो एक टोपण पीत होता, आणि टोपणागणिक एकेक औषध जगातून बाद होत चाललं होतं. दौंडमध्ये पोसलेला जंतू परदेशी जायला पासपोर्ट मागत नाही. यावर मोठमोठ्या देशांत परिषदा भरतात, आणि त्या परिषदांचा विषय इथं गल्ल्यावर टोपणाने मोजून दिला जात होता.

पण एका बाबतीत तो खोटं बोलत नव्हता. राजनंदिनीला त्याने औषध दिलेलं नव्हतं. मग दिलं कुणी?

५

परतताना खुटबावच्या रेल्वे फाटकाला अडकले. मालगाडी संपता संपेना. घसा कोरडा पडला होता, म्हणून शेजारच्या टपरीवर पेलाभर पाणी मागितलं. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं.

टपरीवाला हसला. "मचूळ लागतंय न्हवं? सगळ्या शिवाराला असंच हाय. चहात साखर दोन चमचे जादा घालतो, तवा कुठं गिऱ्हाईक टिकतंय."

मी पेला हातात धरून तशीच उभी राहिले.

साळूबाईंचा खारट चहा. घरच्या बोअरचं पाणी. आणि दवाखान्यात खाटेखालच्या कॅनमधलं, राजनंदिनीने घरचं म्हणून दिलेलं गोड पाणी. त्या घरात गोड पाणी येणार कुठून? तिथं फिल्टर एकच होता, शेडमधला, आणि तो माणसांसाठी नव्हता.

आता बाकीचं आपोआप सुटत गेलं. चूल एक, म्हणजे जेवणात काही नव्हतं. कोंबडी शिजली की तिच्यातला जंतू मरतो, म्हणून खाणारे सुखरूप. शेडमधले जंतू हौसरावांच्या हाताकपड्यांवरून थोडेफार घरात येतही असतील, पण धडधाकट पोटात आपले नेहमीचे भले जंतू दाटीने नांदत असतात. ते उपऱ्याला थारा देत नाहीत. राजनंदिनीच्या पोटात मात्र रोज कोलिस्टिन जात होतं. भले जंतू मेले आणि त्या औषधाला न भिणारे तेवढे उरले. पीक मारून टाकल्यावर रानात तण माजावं, तसे ते माजले. तिथून मूत्रमार्गात पोचायला कितीसा वेळ?

म्हणजे तिच्यापर्यंत शेडचं नुसतं पाणी येत नव्हतं, टॉनिक टाकल्यानंतरचं पाणी येत होतं. दवाखान्यातसुद्धा. माझ्या डोळ्यांदेखत. त्यातले दोन पेले मी स्वतः प्याले होते.

सिनेमात असते तर मी फाटक तोडून गाडी पळवली असती. मी वॉर्डातल्या शितल सिस्टरला फोन लावला.

"राजनंदिनीकडे कोण आलंय?"

"तिचे सासरे. आत्ताच उतरले डेमू गाडीने. पाणी ओततायत तिला."

"शितल, तो पेला तिच्या हातातून काढून घे. आत्ता. थेंबही पोटात जाऊ देऊ नकोस. आणि कॅन जपून ठेव, मी येतेय."

पलीकडे धावत गेल्याचा आवाज आला, मग भांडं पडल्याचा.

"घेतला मॅडम. ओठालाच लावला होता."

६

हौसराव वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. धोतराचा सोगा पाण्याने भिजला होता. आपलं काय चुकलं, हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

मी शेजारी बसले. "आबा, हे पाणी शेडमधलं?"

"व्हय. फिल्टरचं. तिला बोअरचं गिळवत नव्हतं."

"टाकीत टॉनिक टाकायच्या आधी भरायचात की नंतर?"

"नंतर." आवाजात किंचित अभिमान होता. "जरा मुरू द्यायचो. मगच भरायचो."

"का, आबा?"

"सोनोग्राफीत म्हणलं, लेकराचं वजन कमी हाय. पयल्याचं बी तसंच हुतं. आन् हिकडं मी रोज बघतोय, मुठीएवढी पिल्लं, बघता बघता दोन दोन किलोची हुत्यात. रविराजला इचारलं, माणसाला चालंल का? त्यानं माझ्याम्होरं टोपणभर पिऊन दावलं. म्हणलं, मग आपल्या नातवाला का न्हाई? घरात कुणाला बोललो न्हाई. हसली असती समदी. सुनंला बी ठाव न्हाई. रविराजनं कॅन नेले, तवा बी तिच्यापुरती एक बाटली मागं ठिवली."

रविराजवर ओरडायला मला जड गेलं नव्हतं. इथं मात्र ते जमणार नव्हतं. वाटेत ठरवून आणलेली सगळी खरमरीत वाक्यं मी बाजूला ठेवली. मी शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. टॉनिकमध्ये काय होतं, त्याने पोटात काय केलं, आणि आत झोपलेल्या मुलीसाठी आता किती औषधं उरली आहेत.

त्यांनी आपले तळहात समोर धरले.

"म्हंजी माझ्याच हातानं."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"त्यानं काय फरक पडतोय, मॅडम?" ते उठले. "मी सांगतो तिला. तुमी नगा सांगू."

दारातून मला राजनंदिनीचा चेहरा दिसत होता. हौसराव उभ्यानेच बोलत होते, मान खाली घालून. तिने सगळं ऐकलं. डोळे मिटले. मग उशीवरून सरळ होऊन बसली.

"मामंजी, मला राग आलाय. लई आलाय. पर तुमी उद्या बी या. रिकाम्या हातानं या."

त्यांनी डोक्याला गुंडाळलेलं पागोटं सोडलं आणि त्यात तोंड लपवून लहान पोरासारखे रडले.

कॅनमधल्या पाण्यात जंतूही निघाले आणि औषधही. रविराजच्या दुकानाला सील लागलं. सत्यजीतचं उरलेलं औषध मात्र आता कामाला लागलं. आठवडाभर आम्ही दोघं श्वास रोखून तापाचा आकडा बघत होतो. तो उतरला आणि उतरलेलाच राहिला. पोटातलं लेकरू जागच्या जागी लाथा मारत होतं. डॉक्टरने हुरळून जाऊ नये म्हणतात. मी त्या दिवशी वॉर्डात सगळ्यांना जिलबी वाटली.

तरी माझं काम संपलं नव्हतं. खुटबावच्या मारुतीच्या देवळापुढे मी शेडवाल्यांची सभा लावली. माणसं बरीच जमली, पण सगळ्यांचे चेहरे कोरडे. सरकारी बाई येणार, टॉनिक बंद करा म्हणणार, चहा पिऊन जाणार. मी पाच मिनिटं बोलले आणि मागच्या बाजूला गप्पा सुरू झाल्या.

तेव्हा हौसराव उठले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. विश्वजीत त्यांचा सदरा ओढत होता, पण ते पुढे येऊन उभे राहिले.

"मॅडम काय सांगत्यात ते कळत नसंल तर माझं ऐका. म्या माझ्या सुनंला कोंबड्याचं टॉनिक पाजलं. रोज. दवाखान्यात निऊन पाजलं. पोटुशी सून मरता मरता वाचली ती माझ्यामुळं न्हाई, मी असून वाचली. ज्याला हसायचंय त्यानं हसावं, ज्याला थुकायचंय त्यानं थुकावं. पर घरला जाऊन आपापली टाकी बघा."

कुणी हसलं नाही. देवळाच्या पायरीवर बसलेल्या बायकांमधून एक म्हातारी उठली. हौसरावांच्या शेजारच्या शेडवाल्याची आई, कुशाबाई.

"पर हौसा, आमी तर समदीच आमच्या शेडच्या टाकीचं पितोय," ती म्हणाली. "फिल्टर आल्यापासनं. पोरं, बाळं, पावनं, समदी. बोअरचं कोण पिणार आता?"

तिच्या शेजारच्या बाईने मांडीवरच्या तान्ह्याला उराशी घट्ट धरलं. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. मग एकाने मान हलवली, त्याच्या पलीकडच्यानेही. देवळाच्या भिंतीला टेकून उभे असलेले सगळे हळूहळू खाली बसले.

हौसराव माझ्याकडे वळले. "मॅडम, नमुने घ्यायच्या डब्या किती आणल्यात?"

"पुरणार नाहीत," मी म्हणाले.

"मग आणखी मागवा. तवर कुणी उठून जाणार न्हाई, मी बघतो." आणि ते जाऊन वाटेच्या तोंडावर उभे राहिले.